मालक, हे तरी सोडा!

*चादर, चटणी आणि कडक भाकरीच्या गावात दोन दिवस. सोबत एक स्टार्टअपवाला, ज्याला काहीच सोडवत नाही...*

सोलापूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात. चादर, शेंगा चटणी आणि ऊन. ‘वीकेण्डला सोलापूरला चाललेय’ असं ऑफिसातल्या कुणाला सांगून बघा. ‘लग्न आहे का?’ असाच प्रश्न येतो. फिरायला म्हणून सोलापूरला जातं कोण?

मी गेले. जानेवारीचा तिसरा आठवडा होता, म्हणजे ऊन हा मुद्दा बाद. सोबत होता एक मित्र. मूळचा सोलापूरचा, राहायला पुण्यात, बाणेरला बारा जणांची सॉफ्टवेअर कंपनी. छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो. धंदा बरा चाललाय. इतका बरा, की आता सोलापुरात दुसरं ऑफिस काढायचं त्याच्या मनात आहे. टेस्टिंग आणि सपोर्टची टीम इथे बसवायची. पोरं हुशार, भाडं कमी, आई-बाबा जवळ. प्लॅन मस्तच.

अडचण एकच. या माणसाला काहीही दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. कोड तोच तपासतो, कोटेशन तोच पाठवतो, रात्री अकराला डॉक्टरांचा फोन तोच उचलतो. सुट्ट्या तो मंजूर करतो. ऑफिसची चहा पावडरसुद्धा तोच मागवतो, खोटं नाही सांगत! आणि त्याच आठवड्यात त्याच्या सगळ्यात जुन्या इंजिनिअर मुलीनं राजीनामा ठेवला होता. कारण पगार नव्हतं. ‘तीन वर्षं झाली, इथे मला काहीच ठरवता येत नाही,’ एवढंच तिनं लिहिलं होतं. सोमवारपर्यंत त्याला उत्तर द्यायचं होतं.

‘हुतात्मा’मध्ये बसल्यापासून दौंडपर्यंत तो मला ‘डेलिगेशन’वरच्या अमेरिकन पुस्तकांतले फंडे ऐकवत होता. कुर्डुवाडीला मी म्हटलं, ‘बास. तुझं गाव दीडशे वर्षं कारखाने काढतंय आणि बुडवतंय. आधी ते बघू.’

जुनी मिल : मालक कोण, चालक कोण?

सकाळी पहिला मुक्काम जुनी मिल. सोलापूरकर नुसतं ‘जुनी मिल’ म्हणतात. कागदावरचं नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. मुंबईचे शेठ मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ साली ही गिरणी उभी केली आणि सोलापूरचं नशीब पालटलं. मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आली, विष्णू आली. भोंग्यावर घड्याळं लावणारं गाव झालं हे. पुढे एकेक भोंगा बंद पडत गेला. आता त्या जागांवर दुकानं, इमारती, नव्या वसाहती. जुन्या लोकांच्या बोलण्यात मात्र पत्ता अजूनही गिरणीवरूनच सांगितला जातो.

तर या जुन्या मिलची एक गोष्ट कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते, आणि सोलापूरच्या बाहेर दुसऱ्या कुणाला माहीत नसते. त्या काळात गिरण्या चालवायच्या ‘मॅनेजिंग एजन्सी’ पद्धतीनं. पैसा शेअरहोल्डरांचा, कारभार एजंटांचा. एजंटाला कमिशन. गिरणी तगेल की नाही याची काळजी त्यानं करावी अशी अपेक्षा, पण त्याचं कमिशन त्या काळजीला बांधलेलं असेलच असं नाही. म्हणजे डेलिगेशनच, पण टोकाचं. मालकानं वर्षातून एकदा ताळेबंद बघायचा आणि डिव्हिडंड मोजायचा.

ऑगस्ट १९४९ मध्ये ही गिरणी बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला. कारण दिलं गैरव्यवस्थापनाचं. मग त्यासाठी खास कायदा झाला, एका गिरणीपुरता कायदा! एक शेअरहोल्डर चिरंजितलाल चौधरी थेट सुप्रीम कोर्टात गेले. डिसेंबर १९५० मध्ये हरले. पुढे सरकारनं नेमलेल्या संचालकांनी शेअरहोल्डरांकडेच आणखी पैसे मागितले, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास कोर्टात गेले. डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द ठरवला. कोर्टाचं म्हणणं साध्या भाषेत असं, की शेअर तुमच्या नावावर ठेवून बाकी सगळे हक्क काढून घेतले, तर मालकी उरली कुठे?

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बघ, म्हणूनच मी सगळं स्वतः करतो!’

आता याला काय म्हणावं? या गोष्टीतून निघणारा धडा वेगळा आहे. शेअरहोल्डरांनी काम सोपवलं यात काही वावगं नव्हतं. यंत्रमागापाशी त्यांनी जाऊन उभं राहावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पण हिशेब विचारणं हेही त्यांनी कामाबरोबर देऊन टाकलं. काम देता येतं. ‘काय चाललंय?’ हा प्रश्न देता येत नाही.

चादरीच्या कारखान्यात

दुपारी मित्राच्या वडिलांच्या एका स्नेह्यांकडे गेलो. पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू, बाहेर मराठी. सोलापूरच्या विणकामाचा कणाच हा समाज. काकांचा चादरीचा छोटा कारखाना आहे. दारातून आत शिरलं की आधी आवाज. खटक-खटक-खटक... बोलायचं तर ओरडूनच. मागावर ताणा चढवलेला, वर जॅकार्ड आणि त्याच्या भोकाभोकांच्या पत्त्यांची माळ. भोक असेल तर तो धागा उचलला जाणार, नसेल तर नाही. असं करत करत खाली चादरीवर फूल उमटतं.

आयटीवाल्यांनी ही माळ बघायला सोलापूरला यावंच. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे तंत्र आणलं. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथनं मोजणीला भोकांचीच कार्डं वापरली, आणि त्याची कंपनी पुढे ज्या कंपनीत विलीन झाली तिचं नाव आयबीएम झालं. म्हणजे सोलापुरी चादर ही प्रोग्रामवर चालणारी वस्तू आहे, बॉस! मित्र त्या पत्त्यांकडे असा बघत होता, जणू पणजोबांचा फोटो सापडलाय.

काकांना मी सरळ विचारलं, ‘काका, तुम्ही स्वतः काय करता आणि दुसऱ्याला काय देता?’

ते हसले. ‘विणणं कामगाराचं, माझ्यापेक्षा तोच बरं विणतो. रंगवणं रंगवाल्याकडं. पोचवणं टेम्पोवाल्याकडं. सूत मात्र मी घेतो. आणि नवीन डिझाइनची पहिली चादर मागावरून उतरली की ती मी बघतो. उजेडात नेऊन, उलटी करून. पहिली बरोबर आली की पुढच्या शंभरला मी कशाला बघू?’

‘आणि हिशेब?’

‘हिशेब दिवाणजी लिहितो की. संध्याकाळी वही मी वाचतो. लिहिणं त्याचं, वाचणं माझं.’

अमेरिकन पुस्तकाचं एक अख्खं प्रकरण काकांनी चहाच्या दोन घोटांत संपवलं. मित्रानं मग त्याचा हुकमी प्रश्न टाकला. ‘पण काका, कामगारानं चूक केली तर?’

‘करणारच. तू चुका करत नाहीस काय? एक चादर खराब झाली तर झाली. मी त्याच्या डोक्यावर उभा राहिलो तर तो माझ्याकडं बघत विणणार. मग दहा खराब होतील.’

मग काका जरा थांबले आणि म्हणाले, ‘एक गोष्ट मात्र कुणाला देऊ नको. गिऱ्हाईक चादर परत घेऊन आलं की त्याच्याशी आपण बोलायचं. चांगल्या चादरीचे पैसे कुणीही घेईल. वाईट चादर मालकानंच हातात घ्यावी.’

हे ऐकून मित्र चमकला. कारण सोलापूरच्या ऑफिसात तो सगळ्यात आधी जे सोपवणार होता, ते होतं कस्टमर सपोर्ट!

वालचंद आणि फाटक

रविवारी सकाळी अशोक चौकाकडे, वालचंद कॉलेजच्या परिसरात. मित्र इथेच इंजिनिअर झाला. चार वर्षं ज्यांच्या नावाच्या पाटीखालून गेला, त्या माणसाबद्दल त्याला एवढंच माहीत होतं की ‘मोठे उद्योगपती होते’. आपल्या सगळ्यांचं असंच असतं म्हणा.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात या मुलाचं मन रमेना. मग त्यानं काय केलं? लक्ष्मणराव फाटक नावाच्या, रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थाशी भागीदारी केली. फाटकांना रेल्वेची कामं कशी मिळतात, कशी होतात, साहेब काय विचारतो, हे ठाऊक. वालचंदांकडे भांडवल उभं करायची ताकद आणि भूक. ‘फाटक-वालचंद’ ही जोडी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झाली. ज्याला आपण आज ‘को-फाउंडर’ म्हणतो, ते सोलापूर जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी झालेलं होतं. जे आपल्याला येत नाही ते येणारा माणूस नोकरीला न ठेवता शेजारी बसवायचा.

पुढची यादी वाचताना दम लागतो. बोरघाटातल्या रेल्वेचे बोगदे, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, नाशिक जिल्ह्यात रावळगावचा साखर कारखाना, १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. आता सांगा, हा माणूस जर प्रत्येक ठिकाणची चहा पावडर स्वतः मागवत बसला असता तर? वालचंदनगरचा कारभार भाऊ गुलाबचंदांनी पाहिला. इतर भाऊही वेगवेगळ्या उद्योगांत होते. इंजिनिअर इंजिनिअरिंग करत होते, कप्तान जहाज चालवत होते.

मग वालचंदांनी स्वतःकडे काय ठेवलं? त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात गाजलेल्या धंद्यात त्याचं उत्तर आहे. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासोबत त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. (हे नरोत्तम म्हणजे जुनी मिल काढणाऱ्या मोरारजींचे चिरंजीव. सोलापूरचा धागा कुठे कुठे जातो बघा!) ५ एप्रिल १९१९ ला त्यांचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. म्हणून आपण तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. समुद्रावर राज्य होतं ब्रिटिश कंपन्यांचं. त्यांनी भाडी पाडली आणि सिंधियाचा श्वास कोंडला. मग लॉर्ड इंचकेप यांनी कंपनी विकतच मागितली. नव्या, तोट्यातल्या कंपनीला यापेक्षा सोपी सुटका कोणती? पण भागीदारांनी नकार दिला.

विकायचं की नाही, लढायचं की नाही, भांडवल कुणाकडून घ्यायचं आणि शेजारी कुणाला बसवायचं. मॅनेजर कितीही हुशार असला तरी हे निर्णय त्याच्याकडे जात नाहीत. वालचंदांनी आयुष्यभर याच चार गोष्टी केल्या, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

गोष्टीला दुसरी बाजूही आहे, तीही सांगायला हवी. हिंदुस्थान एअरक्राफ्ट त्यांच्या हातात राहिली नाही. युद्ध पेटलं आणि १९४२ मध्ये कारखान्याचा ताबा सरकारकडे गेला. आज तीच कंपनी एचएएल म्हणून उभी आहे. १९५० मध्ये आजारपणामुळे वालचंद कारभारातून बाजूला झाले, ८ एप्रिल १९५३ ला गेले. फाउंडरनं कितीही घट्ट धरून ठेवलं तरी काही गोष्टी सुटतात. सुटल्यावरही त्या चालत राहिल्या तर पाया नीट घातला होता असं समजायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांचं काय?

‘हे सगळं लोखंड आणि सूत झालं. सॉफ्टवेअरचं वेगळं असतं,’ मित्राचा युक्तिवाद. वेगळं असतं, मान्य. पण किती?

साताऱ्याकडच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकला आणि त्यानं अँटिव्हायरस लिहिला. ते ‘क्विक हील’. धाकट्यानं प्रॉडक्ट बघायचं, थोरल्यानं बाजार. थोरला कोडमध्ये हात घालत बसला नाही, म्हणून कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारापर्यंत पोचली. फाटक-वालचंद जोडीची आठवण येते की नाही?

दुसरं उदाहरण ‘पर्सिस्टंट’चं. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात कंपनी काढली आणि पुढची जवळपास तीन दशकं तेच तिचा चेहरा होते. २०१९ मध्ये सीईओची खुर्ची ख्रिस्तोफर ओ’कॉनर यांच्याकडे गेली, २०२० मध्ये संदीप कालरा यांच्याकडे. देशपांडे अध्यक्ष राहिले. रोजचा कारभार दिला, कंपनीचं कंपनीपण सोडलं नाही. काकांच्या भाषेत सांगायचं, तर वही लिहिणं दिलं, वाचणं ठेवलं.

बारा माणसांच्या कंपनीला हे लगेच लागू होत नाही, हे खरंच. बारा जणांत फाउंडरला कोडही लिहावा लागतो आणि कधी कधी झाडूही मारावा लागतो. म्हणूनच यादी करावी लागते. ‘मला काय येतं?’ या प्रश्नावरून यादी केली तर सगळंच आपल्याकडे राहतं, कारण सुरुवातीला सगळं आपणच केलेलं असतं. प्रश्न असा हवा, की हे चुकलं तर दुरुस्त होईल का? जीएसटीचा फॉर्म, पगारपत्रक, सर्व्हर, टेस्टिंग, चहा पावडर... चुकलं तर दुरुस्त होतं. चुकीचा भागीदार, चुकीच्या अटींवर घेतलेला पैसा, पहिल्या दहांत आलेला चुकीचा माणूस, डॉक्टरांच्या भरवशाला गेलेला तडा... हे सहजी दुरुस्त होत नाही.

काठी कुणाची, हात कुणाचे

रविवारी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी गेलो. गड्ड्याची जत्रा अजून भरलेली होती. पाळणे, भजी, पिपाण्या. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. उंचच उंच, जड काठ्या, आणि शहरातल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा. काठीचा मान कुणाचा हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. पण इतक्या लांबचा रस्ता एकटा माणूस ती पेलू शकत नाही. वाटेत हात बदलतात. त्यासाठी पोरं आधीपासून सराव करतात. मित्र लहानपणी हे बघायला वडिलांच्या खांद्यावर बसून जायचा. ‘एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना काठी हलते. तेवढ्या वेळात सगळं गाव श्वास रोखतं,’ तो म्हणाला. पुढे काहीच बोलला नाही.

मग तलावाच्या कठड्यावर बसून त्यानं भज्यांच्या कागदावर यादी केली. ‘द्यायचं’ खाली सतरा गोष्टी. ‘ठेवायचं’ खाली पाच : पहिल्या वीस जणांची निवड, दर काय लावायचा, कुणाचा पैसा घ्यायचा, महिन्याची वही, आणि तक्रार घेऊन येणारा डॉक्टर. सपोर्टची टीम सोलापुरातच बसेल, पण आठवड्यातून एक दिवस फोनवर तो स्वतः असेल.

यादी झाली आणि त्यानं त्या इंजिनिअर मुलीला फोन लावला. मी ऐकत होते ते एकाच बाजूचं. ‘नवं व्हर्जन कधी सोडायचं ते इथून पुढे तू ठरवायचं... नाही, मला विचारायचं नाही, आदल्या दिवशी फक्त सांगायचं... हो, चुकलं तरी.’ मग बराच वेळ तो नुसता ‘हं, हं’ करत राहिला.

‘काय म्हणाली?’

‘म्हणाली, महिनाभर बघते.’

सोलापूरला जाताय?

*कसं जाल?* पुण्याहून साधारण अडीचशे किलोमीटर. २००१ पासून धावणारी ‘हुतात्मा एक्स्प्रेस’ आहे, मुंबईकरांसाठी २०२३ पासून ‘वंदे भारत’. ‘हुतात्मा’ हे नाव १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार सोलापूरकरांचं. त्यांच्या पुतळ्यांपाशी, चार हुतात्मा चौकात, दोन मिनिटं थांबाच.

*कधी?* नोव्हेंबर ते फेब्रुवारी. संक्रांतीच्या आसपास गेलात तर गड्डा आणि हुरडा, दोन्ही. एप्रिल-मेमध्ये जायची हौस असेल तर तुमची मर्जी!

*काय खाल?* कडक ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, वर दही. चटणी घरी न्यायची तर अर्धा किलोच्या खाली घेऊ नका, गाडीतच संपते.

*काय आणाल?* चादर आणि टॉवेल. दोघांनाही जीआय मानांकन आहे. चादर घेताना काकांची युक्ती वापरा. उजेडात न्या आणि उलटी करून बघा. हे काम दुकानदारावर सोपवू नका!